फावड्यावरची टोपी

बस थांबवायची एक रीत असते. पाय हळूहळू दाबत न्यायचा आणि शेवटी किंचित सोडायचा, म्हणजे उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. लिंकन शहराच्या रस्त्यांवर मी उभा जन्म बस चालवली, तेव्हा हे सांगायचा मला हक्क आहे; पण ऐकतो कोण. आज सकाळी हाय स्ट्रीटच्या सिग्नलला आमच्या दाढीवाल्या ड्रायव्हरने असा काही करकचून ब्रेक मारला की माझ्या मांडीवरचा डबा सुटला आणि पुढच्या सीटवर आपटायच्या बेतात होता. आपटला नाही. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, ॲव्हरिलने, तो वरच्यावर झेलला. डाव्या हाताने. माझा हात अजून निघायचाच होता. झेलला आणि पोटाशी घट्ट धरून क्षणभर डोळे मिटून बसली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सांभाळ की रे म्हाताऱ्या. रोमन लोकांच्या वेळेपासून टिकलाय, तो काय तुझ्या मांडीवर मोडायचा?" एवढंच झालं. कोणीतरी ड्रायव्हरला दोन शब्द सुनावले, बस पुढे निघाली. पण रविवारपासून मी एक गोष्ट मनातल्या मनात टाळत आलो होतो. तिचा तो डावा हात पाहिला आणि टाळायची सोय उरली नाही.

डबा आइस्क्रीमचा होता, जुना. त्यात टिश्यू पेपरच्या गादीवर एक ब्रोच होता. रोमन, तांब्याच्या मिश्रधातूचा, माझ्या करंगळीएवढा, धनुष्यासारखा वाकलेला. त्या काळी अंगावरची शाल खांद्यापाशी अडकवायला असले ब्रोच लावत. मागची पिन कधीच गेलेली, पण डोक्यापाशी निळ्या मिन्याचा एक ठिपका अजून शाबूत. आम्ही तो म्युझियममध्ये न्यायला निघालो होतो. महिन्यातून एक दिवस तिथे टॅम्झिन नावाची बाई बसते आणि धातू शोधायचं यंत्र घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्या यंत्रवाल्यांना मातीत जे सापडलं त्याची नोंद करते. वस्तू काय आहे हे ती स्वतःच सांगते. आपल्याला एकच प्रश्न विचारते, कुठे सापडली. आपण नकाशावर बोट ठेवायचं. तिथे एक ठिपका पडतो आणि तो कायमचा पडतो. आपण मेलो तरी राहतो. हा ब्रोच मला रविवारी पॉकलिंग्टन नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात सापडला. मला सापडला, हे खरं. पण तो तिथला नव्हता. माझ्या बायकोने तो कुठून तरी विकत आणून तिथे पुरला होता, मला सापडावा म्हणून. मला हे कळलंय हे तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्या शेजारी ठेवणीतला हिरवा कोट घालून बसली होती, आणि अर्ध्या तासात टॅम्झिन मला विचारणार होती, कुठे.

पॉकलिंग्टनचं ते कुरण म्हणजे मेंढ्यांनी भरलेला एक साधा उतार, खाली ओढा, वर तीन-चार वाकडी झाडं. पण उताराच्या मधोमध जमीन जरा फुगलेली आहे, आणि मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हाच मला वाटलं, इथे कोणीतरी राहत होतं. मागे वाऱ्याला आडोसा, पुढे पाणी, दुपारभर ऊन. मी रोमन असतो तर इथेच घर बांधलं असतं. आमच्या यंत्रवाल्यांच्या क्लबात मी हे एकदा बोललो आणि फसलो. त्या दिवसापासून त्या कुरणाचं नाव पडलं 'डेनिसचा राजवाडा'. बर्नार्ड म्हणून एक आहे आमच्यात, टक्कल आणि तोंड दोन्ही मोठं, तो दर सभेला विचारणार, "काय डेनिस, राणीसाहेबांचं न्हाणीघर सापडलं का?" न्हाणीघर कुठलं. मला तिथे सापडली ती पेयांच्या डब्यांची कडी, घोड्याच्या नालेचे खिळे, खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक, शिशाचे गोळे, आणि कुठल्या तरी जॉर्ज राजाची गुळगुळीत झालेली पेनी. सगळं मी टॅम्झिनकडे नेलं, खिळेसुद्धा. ती हसून म्हणायची, "मिस्टर कटफर्थ, तुमच्याइतक्या नेमक्या जागा कोणीच सांगत नाही हो." मला ते फार आवडायचं. शाळेत मला कोणी कधी नेमका म्हटलं नव्हतं. आणि आमच्याकडे वस्तूपेक्षा जागाच मोठी. जागा हरवलेली वस्तू म्हणजे भंगार, हे वाक्य मी ॲव्हरिलला इतक्या वेळा ऐकवलंय की ती ते माझ्याआधी म्हणून मोकळी होते.

ती दर रविवारी यायची. चिखल तिला अजिबात आवडत नाही, मेंढ्या तर त्याहून नाही. तरी घडीची खुर्ची, थर्मास, अंडं घातलेले सँडविच आणि शब्दकोड्यांचं पुस्तक घेऊन कुंपणापाशी बसायची. मी कानाला हेडफोन लावून उतारावर खालीवर करायचो, ती मधेच ओरडायची, "सहा अक्षरी, वेलीवरचं फळ!" आणि मी एका कानावरचा हेडफोन उचलून ओरडायचो, "काय?" लोक म्हणतात मुलं नसलेल्या जोडप्यांना एकमेकांचा कंटाळा येतो. आम्हाला तो यायला वेळच मिळाला नाही. यंत्र वाजलं की ती मान वर करायची आणि मी काय खणतोय ते बघायची. कडं निघालं की मी हात हलवायचो, ती मान खाली घालायची. आमच्या क्लबात एक चाल आहे. काही खरंखुरं सापडलं की माणूस बोंबलत नाही. फावडं जमिनीत रोवतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि फावड्याच्या मुठीवर टांगतो. मग शेतभर पसरलेले बाकीचे आपापली यंत्रं बंद करून, काही न बोलता, त्या टोपीकडे चालत येतात. बर्नार्डची टोपी दर मोसमात दोनदा तरी टांगली जायची. माझी त्या कुरणात कधीच नाही. नालेच्या खिळ्यासाठी टोपी टांगत नाहीत.

या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पॉकलिंग्टनने जमीन रेतीच्या खाणीला दिली. त्याचं काही चुकलं नाही, पोरगा शेती करणार नाही म्हणतो, मेंढ्यांना भाव नाही. पानगळ आली की मोठी यंत्रं येणार आणि तो उतार, ती वाकडी झाडं, ते फुगलेलं पोट, सगळं खरवडून नेणार. तिथे मग पाणी साचेल, बदकं येतील. लोकांना बदकं आवडतात. हे कळल्यापासून मी खिडकीपाशी खुर्चीत पाय वर करून बसायचो आणि समोरच्या घराचं गटार बघायचो. गुडघा बरा झाला तरी उठावंसं वाटेना. एकदा बायकोला म्हणालो, यंत्र विकून टाकू. ती भांडी विसळत होती, ती मागे वळली नाही, फक्त नळ बंद केला. मग म्हणाली, "संध्याकाळी काय खाशील?" आमच्याकडे मोठी बोलणी अशीच होतात. नंतरच्या शनिवारी ती न्यूअर्कला बहिणीकडे म्हणून गेली आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही गेली. म्युरिएलकडे, जिचं तोंड बघितल्यावर हिला वर्षभर पुरतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या खेपेला परत आली तेव्हा ती जिन्यात थांबून थांबून चढत होती आणि मी विचारलं तर म्हणाली, म्युरिएलच्या घरात फार पायऱ्या. म्युरिएलचं घर बैठं आहे.

आणि मग हा रविवार. "चल," ती म्हणाली, "शेवटचे थोडेच रविवार राहिलेत, ते काही गटार बघण्यात घालवायचे नाहीत." मी कुरकुरत गेलो. गेल्यावर यंत्र हातात घेतलं तसं बरं वाटलं, खोटं का बोला. मी नेहमीप्रमाणे वरच्या झाडांपासून सुरुवात केली. ॲव्हरिल खुर्चीत बसली होती, मांडीवर पुस्तक उघडं, पण पेन्सिल कानामागे. एक अक्षर लिहीत नव्हती. जरा वेळाने ओरडली, "खाली बघ ना जरा, ओढ्याच्या बाजूला!" मी ओरडलो, "ओढ्याच्या बाजूला सगळं पाहून झालंय!" ती म्हणाली, "परत बघितलं तर काय झीज होईल तुझी?" मी खाली गेलो. एका पट्ट्यातून गेलो, परत आलो. ती उभी राहिली. "त्याच्या जरा अलीकडे!" आता नवऱ्याला यंत्र कसं फिरवायचं हे बायको सांगायला लागली की माणसाला राग येतो, तसा मला आला, आणि मी मुद्दाम पलीकडे गेलो. तिथून पाहिलं तर ती कुंपण ओलांडून आत आलेली, स्वच्छ बुटांनी, मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत. "डेनिस," म्हणाली, "तुझ्या मते ते घर होतं, तर त्याचं दार कुठल्या बाजूला असेल?" मी म्हणालो, ओढ्याकडे, अर्थात. "मग माणसाच्या वस्तू पडतात कुठे? जाता येता दारातच ना?" काय बोलणार. मी अलीकडे आलो आणि यंत्र वाजलं. स्वच्छ, गोल आवाज, कडं नाही, खिळा नाही.

गवताळ जमिनीत खणायचं तर तीन बाजू कापायच्या, चौथी जोडलेली ठेवायची आणि गवताचा तो तुकडा दारासारखा उघडायचा. काम झालं की दार लावायचं, पायाने दाबायचं. शेतकऱ्याला कळताही कामा नये. हे मीच तिला शिकवलं, कधी काळी, हौसेने. तिने तेव्हा दोन-चार खड्डे खणले आणि म्हणाली, यापेक्षा माझी खुर्ची बरी. पण तेव्हाच मी पाहिलं होतं की ती डावखुरी, म्हणून तिचं दार उलट्या बाजूला उघडतं. मी बिजागरी डावीकडे ठेवतो, तिची उजवीकडे. मी गुडघा सांभाळत खाली बसलो, फावड्याचं टोक लावलं, आणि गवत आपण होऊन उचललं गेलं. आधीच कापलेलं होतं. उजवीकडे बिजागरी. इतकं नीट दाबून बसवलेलं, कडेचं एकेक पातं बोटांनी उभं केलेलं, की मी शिकवलं त्याहून चांगलं. खाली वीतभर मऊ माती आणि मातीत ब्रोच, तोंड वर करून, निजवल्यासारखा. मी तो तळव्यावर घेतला. त्या रेताड जमिनीत तांबं राहत नाही. जे निघतं ते फिकट हिरवं, खडूसारखं भुगा होत निघतं. हा काळपट हिरवा आणि चकचकीत होता, आणि नखाने घासला तर नखाला मेणाचा वास आला. जुन्या वस्तू विकणारे दुकानदार चमक राहावी म्हणून मेण लावतात. पण हे सगळं तपासायची गरजच नव्हती, मला गवतावरूनच कळलं होतं. मी मान वर केली. ॲव्हरिल तिथे उभी होती, दोन्ही हात तोंडावर, पेन्सिल अजून कानामागे. तिचा चेहरा मी इतकी वर्षं रोज पाहतो, पण तसा पाहिला नव्हता. मी फावडं जमिनीत रोवलं. टोपी काढली. टांगली. ती रडायला लागली, आणि मग मीही. मेंढ्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.

बसमध्ये बसल्या बसल्या मला सारखं एकच दिसत होतं. शनिवारी, एकटीने, आपल्या दुखऱ्या कंबरेने, ती त्या कुरणात कशी गेली असेल? त्या गावाला जाणारी बस मैलभर आधी सोडते. पिशवीत माझं जुनं खुरपं. मेंढ्या बघून थांबली असेल. मग ओल्या गवतात गुडघे टेकले असतील, बहुतेक प्लास्टिकची पिशवी अंथरून, आणि तीन बाजू कापल्या असतील, जीभ दाताखाली धरून, सुईत दोरा ओवताना धरते तशी. आणि उठली कशी असेल? घरी बाथरूममध्ये खाली बसली तर मला हाक मारावी लागते. तिथे कोणाला हाक मारली असेल? कुंपणापर्यंत रांगत गेली असेल का? हे मनात आलं की मला राग यायचा, पडली असती म्हणजे, कोणाला कळलं असतं, मूर्ख बाई. मी तिचा हात हातात घेतला. "काय रे?" ती म्हणाली. "काही नाही," मी म्हणालो, "गार आहे." "गार कुठलं, तुझा हातच गार आहे. घाबरलास की काय म्युझियमला?"

आमच्याकडे नाताळच्या पुडिंगमध्ये चांदीचं एक जुनं नाणं घालायची पद्धत आहे; ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं. आमच्या घरात ते लग्नापासून दर वर्षी माझ्याच वाट्याला येतं. ॲव्हरिल वाढताना ताटली एकदा फिरवते, नाणं कुठल्या फोडीत आहे ते तिला माहीत असतं, आणि मी पहिल्या वर्षापासून दर वर्षी दाताखाली नाणं आलं की डोळे विस्फारून म्हणतो, "अरेच्चा!" ती म्हणते, "परत तुलाच? काय नशीब आहे बाई एकेकाचं." यात खोटं काय? कोणाचं नुकसान? मी स्वतःला समजावत होतो की हेही तसंच आहे. टॅम्झिनसमोर बोट ठेवायचं, अरेच्चा म्हणायचं, घरी यायचं. बर्नार्डचं तोंड बंद. पॉकलिंग्टनच्या कुरणात एक ठिपका, रोमन, आणि त्याखाली माझं नाव. शिवाय ते खरंच असलं तर? घर तिथे होतंच, मला मनापासून वाटतं. मग खोट्या ठिपक्याने खरीच गोष्ट सांगितली असं होईल. असे विचार मी केले, लाज वाटली तरी केले. पण पुडिंग आम्ही दोघं खातो आणि संपतं. ठिपका राहतो. उद्या कोणी शिकणारी मुलगी तो नकाशा उघडेल, त्या ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढेल, म्हणेल इथून रस्ता जात असणार. तोवर तिथे पाणी असेल आणि बदकं. खोटं होतं हे कोणाला तपासताही येणार नाही. एक खिळासुद्धा मी हातभर इकडचा तिकडे सांगितला नाही, तो मी ह्या मुलीला फसवणार. आणि नाही फसवायचं तर टॅम्झिनसमोर ॲव्हरिलला खोटी पाडायची. ठेवणीतला कोट घालून आलेल्या ॲव्हरिलला.

बसमधून उतरून आम्ही चढ चढायला लागलो. तो चढ आता आम्हा दोघांना मिळून एक चांगला पाय आणि एक चांगली कंबर एवढ्यावर चढावा लागतो. मधल्या बाकावर बसलो. वर कॅथीड्रलची घंटा वाजत होती. मी म्हणालो, "आज नको. पुढच्या महिन्यात येऊ." ती माझ्याकडे वळली. "का?" मी म्हणालो, "गर्दी असेल." "असू दे. मी म्युरिएलला सांगितलंय, पॉकलिंग्टनला सांगितलंय. त्याची बायको म्हणाली, बघा, तुमच्या यजमानांचंच खरं निघालं." मग कोटाचं बटण फिरवत म्हणाली, "तुझं खरंच होतं रे. मला कधी वाटलं नाही की तुझं खोटं आहे. फक्त त्या मेल्या जमिनीला दाखवता येत नव्हतं." मला वाटलं आत्ताच सांगावं. तोंड उघडलंही. तेवढ्यात तिने डब्याचं झाकण उघडून टिश्यूच्या कडा नीट केल्या, डाव्या हाताने, निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तशा, आणि झाकण लावलं. मी तोंड मिटलं.

टॅम्झिनचं टेबल आतल्या खोलीत होतं. लाल केसांची, हसरी, नखांत कायम माती. "या मिस्टर कटफर्थ! आज खिळे किती?" "आज खिळे नाहीत," ॲव्हरिल माझ्याआधीच म्हणाली, आणि डबा टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकून माझ्या खांद्यामागे उभी राहिली. टॅम्झिनने ब्रोच उचलला, दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला. "अहाहा," म्हणाली, "काय सुंदर आहे हो." मग तो उलटा केला. अंगठ्याने पाठीवरून एकदा फिरवलं आणि अंगठा थांबला. नाकापाशी नेला नाही, पण मला दिसलं की तिला न्यावासा वाटला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. काही बोलली नाही. चांगली मुलगी आहे. कॉम्प्युटरवर नकाशा उघडला, पडदा माझ्याकडे वळवला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "कुठे सापडला, मिस्टर कटफर्थ? सवडीने सांगा."

मी बोट उचललं. तो नकाशा मला पाठ आहे. ओढा निळ्या रेघेने दाखवलाय, कुंपणं बारीक काळ्या रेघांनी, आणि त्या चौकोनात माझे सगळे खिळे आणि कडी ठिपक्याठिपक्याने पसरलेत, माझे सगळे रविवार. बोट त्याच्यावर गेलं. ॲव्हरिलचा श्वास माझ्या मानेला लागत होता, तिने तो धरून ठेवला. मला तेव्हा काही ठरवल्यासारखं वाटलं नाही. मला फक्त टॅम्झिनचा प्रश्न खरा वाटला. हा कुठून आला माझ्याकडे? मी पडद्यावर नकाशा सरकवत नेला, ओढा सुटला, मोठा रस्ता आला, रस्त्याच्या कडेने शहर आलं, आमच्या वस्तीच्या गल्ल्या आल्या. शेवटून तिसरं घर. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"इथे," मी म्हणालो.

टॅम्झिन पडद्याकडे वाकली. "हे घर आहे ना कुणाचं तरी?"

"माझं. हिने मला दिला. हिच्याकडून आलाय, म्हणजे इथूनच आला. नोंद करायची नाही. फक्त तुम्हाला दाखवायला आणला, कारण..." मी बोट पडद्यावरून काढलं. "कारण मला आजवर इतकं चांगलं काही मिळालं नव्हतं."

टॅम्झिनने ब्रोच टिश्यूवर ठेवला, टिश्यूच्या कडा नीट केल्या आणि डबा माझ्याकडे नाही, ॲव्हरिलकडे सरकवला. "मिसेस कटफर्थ," ती म्हणाली, "तुमची पसंती फार चांगली आहे." ॲव्हरिलने डबा उचलला आणि सरळ बाहेर चालती झाली.

ती मला चढावरच्या त्याच मधल्या बाकावर सापडली. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. मी शेजारी बसलो. तिने पिशवीतून मनुकांचा पाव काढला, चीज लावलेला, अर्धा मला दिला. घरून बांधून आणलेला होता, समारंभाचा म्हणून. आम्ही खाल्ला. समोरून पर्यटक धापा टाकत चढत होते.

"कधी कळलं?" ती म्हणाली.

"गवत उचललं तेव्हा. तुझं दार उलटं उघडतं."

"उलटं?"

"डावखुऱ्या माणसाचं उलटं उघडतं. बिजागरी उजवीकडे."

ती हे बराच वेळ चघळत राहिली, पावाबरोबर. "पुडिंगमधलं पण माहीत असेल मग तुला."

"तू ताटली फिरवतेस."

"काय माणूस आहेस," ती म्हणाली. "इतकी वर्षं!" आवाज चिडलेला होता, पण नाक लाल झालं होतं. मग ती एकदम माझ्याकडे वळली आणि मला दिसलं की तिला खरं लागलंय ते हे नव्हतंच. "म्हणजे तुला तिथेच कळलं होतं. आणि तरी तू टोपी टांगलीस. माझ्यासाठी नाटक केलंस. अरेच्चा म्हणतोस तसं. मी मूर्खासारखी रडले तिथे मेंढ्यांसमोर, आणि तुझी टोपी खोटी."

मला फार बोलता येत नाही. इतकी वर्षं लोकांकडे पाठ करून गाडी चालवली, तिकीट आणि सुटे याखेरीज कोणाशी बोललो नाही. पण हे बोलणं भाग होतं, आणि मी बोललो. "खोटी टोपी मी कधी टांगली नाही, ॲव्हरिल. बर्नार्ड टांगतो, बटणासाठीसुद्धा. मी ते गवत उचललं आणि मला कळलं की माझी बायको, जिला खाली बसलं की उठता येत नाही, ती माझ्यासाठी इथे एकटी येऊन गुडघ्यांवर बसली होती. कडेचं एकेक पातं उभं केलं होतंस गं तू. मी त्या कुरणात जन्मभर खणलं असतं तरी याहून मोठं काय निघणार होतं? मला सापडलं म्हणून टांगली. टोपी खरी होती."

तिने डब्याचं झाकण उघडलं, ब्रोच काढला, माझ्या कोटाच्या कॉलरवर धरून पाहिला. पिन नव्हती, तर आपल्या कॉलरच्या आतली सेफ्टी पिन काढून तिने तो माझ्या कोटाला कसाबसा अडकवला आणि वाकडा बसला म्हणून परत सरळ केला. मी विचारलं, रविवारी जायचं ना कुरणात. "जायचं की," ती म्हणाली, "पण आता तिथे काही नाहीये हं, आधीच सांगून ठेवते." मी म्हणालो, ते तू सांगू नकोस, ते माझं मला बघू दे. वरून घंटा परत सुरू झाली. आम्ही एकमेकांना धरून उठलो, कोण कोणाला उठवतंय ते कळत नव्हतं, आणि उताराला लागलो. कोपऱ्यावर ती थांबली.

"बरं," म्हणाली, "पुढच्या वेळेस उजव्या हाताने कापीन."